तासाला ३.३ अंश

आगीच्या लोळात सापडलेले रॉकेट आणि शेजारच्या कोठारातल्या धगीने तासन्‌तास तापत राहिलेले रॉकेट, यांतले जास्त घातक कोणते? कुणीही पहिल्याचे नाव घेईल. घन इंधनाच्या बाबतीत प्रयोगशाळांना पुन्हा पुन्हा उलटेच दिसत आले.

या अभ्यासाला निकड आली अमेरिकी नौदलाच्या अपघातांमुळे. २९ जुलै १९६७ रोजी टोंकिनच्या आखातात ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू जहाजावर विजेच्या दोषाने एक झुनी रॉकेट आपोआप सुटले, समोरच्या विमानाची इंधनटाकी फुटली आणि दीडेक मिनिटात पहिला बाँब उडाला. १३४ जण गेले. जानेवारी १९६९ मध्ये ‘एंटरप्राइझ’वर विमान सुरू करणाऱ्या यंत्राच्या गरम झोताने एका झुनीचे टोक तापून फुटले, २८ जण गेले. या दोन्ही घटनांत तापणे जलदच होते. पण १९८४ मध्ये अमेरिकी नौदलाने सहजी न भडकणाऱ्या दारूगोळ्याचे धोरण ठरवले, पुढे नाटोने मानके केली, आणि बंदुकीची गोळी, आगीचा भडका यांच्या जोडीला संथ तापण्याची कसोटीही आली. तीच सर्वांत अवघड निघाली.

कारण रसायनात आहे. आजच्या बहुतेक घन इंधनांत अमोनियम परक्लोरेटचे स्फटिक, बहुधा ॲल्युमिनियमची भुकटी आणि या सगळ्याला धरून ठेवणारे एचटीपीबी हे रबर असते. भडक्यात बाहेरचा थर आधी पेटतो, आवरण कमजोर होऊन फाटते, आणि आतला माल अजून थंड असल्याने एकेक थर जळत जातो. संथ तापताना मात्र सगळा गाभाच शिजतो. परक्लोरेटचे विघटन मध्येच मंदावते. शुद्ध स्फटिकांवरच्या प्रयोगांत सुमारे ३० टक्के वस्तुमान निघून जाते आणि उरलेल्याला घावनासारखी जाळी पडते. मग पेट घेतो तो आतला भाग, कारण तिथली उष्णता बाहेर पडू शकत नाही. तोवर जळायला मिळणारा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढलेला असतो आणि आवरण शाबूत असते. दाबाला वाटच उरत नाही.

अख्खी मोटर भट्टीत घालून पाहणे खर्चाचे आणि जिकिरीचे. म्हणून काही मिलिग्रॅम नमुना तापवत त्याने घेतलेली-सोडलेली उष्णता मोजणारी डीएससी चाचणी सगळीकडे रूढ झाली. पुण्यात पाषाणजवळच्या एचईएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेलाही ती नवी नाही. पण डीएससी विघटन कधी सुरू होते तेवढे सांगते, फुटेल कसे ते नाही. शिवाय छोटा नमुना उष्णता पटकन टाकून देतो, मोठा डांबून ठेवतो. त्यामुळे मोठी मोटर कमी तापमानालाच पेटते. याचे गणित सोव्हिएत शास्त्रज्ञ फ्रँक-कामेनेत्स्की यांनी १९३० च्या दशकातच मांडले होते. फुटण्याचा जोर जोखायला अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेने व्हीसीसीटी ही चाचणी आणली. छोट्या नमुन्याभोवती पोलादी नळी बसवायची आणि दर चाचणीला तिची भिंत जाड करत जायची. कुठल्या जाडीला नुसते जळणे संपून तुकडे उडू लागतात, त्यावरून इंधनाची प्रत ठरते. छोट्या चाचण्यांत मला हीच सर्वांत प्रामाणिक वाटते. मोटरचे भविष्य सांगण्याचा आव ती आणत नाही, दोन मिश्रणांची तुलना करते. एचटीपीबीऐवजी एचटीपीई हे दुसरे बंधक वापरलेली इंधने सौम्यपणे वागतात, हे संथ तापवण्याच्या अशाच चाचण्यांतून पुढे आले.

आता त्या प्रसिद्ध आकड्याबद्दल. संथ तापण्याच्या कसोटीत तापमान तासाला ३.३ अंश सेल्सियसने, म्हणजे ६ अंश फॅरनहाइटने, वाढवायचे असा नियम होता. ५० वरून १५० अंशांवर जायला तीस तास! इतकी मंद आणि इतकी चिवट आग प्रत्यक्षात लागते कुठे, असे अभ्यासक विचारत राहिले. तरी आकडा कित्येक वर्षे हलला नाही. जुने निकाल त्याच मापाने घेतलेले होते, हेच त्याचे बळ असावे. अखेर नाटोच्या नव्या मानकाने हा दर तासाला १५ अंश केला. उशिरा का होईना, योग्य झाले. निकष मात्र जुनाच राहिला: आवरण उघडून इंधन नुसते जळाले तर पास, त्याहून जोरात काही घडले तर नापास. एचटीपीबीच्या अनेक मोटरी या कसोटीत आजही नापास होतात.