हरणांच्या कुरणासाठीं बियाण्याची निवड

मुक्या जनावरास अन्न घालणें हें पुण्याचें काम, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु काय घालावें व कसें घालावें याचा विचार न केल्यास त्याच कृत्यानें जनावराचा जीव जाऊं शकतो. याचें एक बोधप्रद उदाहरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळतें. तें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

त्या देशांत पांढऱ्या शेपटीचें हरिण विपुल आहे. हिवाळ्यांत रानांतला चारा कमी झाला म्हणजे दया येऊन कित्येक लोक मक्याचा ढीग रानांत टाकतात. पण हरिण हा रवंथ करणारा प्राणी आहे. त्याच्या पोटांत चारा पचविणारे सूक्ष्म जंतु असतात, आणि हिवाळ्यांत ते काटक्या व कोंब पचविण्यास सरावलेले असतात. अशा वेळीं एकाएकीं भरपेट मका मिळाला, तर पोटांत आम्ल वाढतें आणि भरल्या पोटीं हरिण मरतें. शिवाय ढिगाभोंवतीं पुष्कळ हरणें तोंडास तोंड लावून खातात. १९६७ सालीं कोलोरॅडो संस्थानांत प्रथम दृष्टीस आलेला, हरणास झिजवून मारणारा एक असाध्य रोग लाळेवाटेंहि पसरतो. म्हणून कित्येक संस्थानांनीं असे ढीग घालण्यास बंदी केली आहे. त्यापेक्षां रानाच्या कडेस एखादा एकर नांगरून त्यांत चारा पेरणें बरें. शिकारी लोक हरणें जवळ यावींत म्हणून असें कुरण करितात. कांहीं जमीनमालक केवळ त्यांच्या पोषणासाठींहि करितात.

या कुरणाचें मिश्र बियाणें दुकानांत तयार मिळतें, व पिशवीवर मोठ्या शिंगांच्या हरणाचें चित्र असतें. परंतु चित्र पाहून बियाणें निवडूं नये. प्रत्येक बियाण्यास कांहीं नेमून दिलेलें काम असलें पाहिजे. शरद ऋतूंत पेरलेला ओट लवकर उगवतो व हरणांस फार आवडतो. पण कडक हिंवानें तो मरतो. राय नांवाचें धान्य हलक्या जमिनींत येतें, बर्फांतहि जगतें, आणि वसंताच्या आरंभीं सर्वांआधीं पुन्हा वाढूं लागतें. सलगम मोहरीच्या कुळांतला. हिंव पडल्यावर त्याच्या पानांत साखर वाढते, आणि तोंवर उपेक्षिलेलीं पानें हरणें आवडीनें खाऊं लागतात. क्लोव्हर हा आपल्या लसूणघासाचा भाऊबंद होय. तो सावकाश वाढतो. पण पाडसांस दूध पाजणाऱ्या हरिणींस वसंतांत व उन्हाळ्यांत जीं प्रथिनें लागतात, तीं तो पुरवितो. त्याच्या मुळांवरील गांठींतले जंतु हवेंतील नत्र जमिनींत आणून ठेवतात. उन्हाळी कुरणासाठीं तिकडे चवळी आणि आपल्या देशचा ताग हेहि पेरतात. आपला शेतकरी बाजरींत तूर पेरतो, त्यांतलें तत्त्व हेंच: एक पीक लवकर हातीं येतें, दुसरें मागाहून येतें व जमिनीचा कस राखतें.

आतां प्रमाणाविषयीं. पांढऱ्या क्लोव्हरच्या एका पौंडांत सुमारें ८ लक्ष बिया असतात, तर ओटच्या एका पौंडांत सुमारें १५ हजार. एका एकराचे ४३,५६० चौरस फूट होतात. ५ पौंड क्लोव्हर पेरल्यास दर चौरस फुटास ९० हून अधिक बिया पडतात. १०० पौंड ओट पेरूनहि ३५ च्या आंतच पडतात. म्हणून सर्व बियाणीं समभाग घेणें ही मोठी चूक होय. एकरास राय ५० पौंड, किरमिजी क्लोव्हर १० पौंड, पांढरा क्लोव्हर ३ पौंड व सलगम १ ते २ पौंड हें प्रमाण साधारणतः चालतें. सलगम अधिक झाल्यास त्याच्या रुंद पानांखालीं क्लोव्हर दबून मरतो. पेरणीहि निरनिराळी करावी. धान्याचें बीं इंचभर खोल जावें, क्लोव्हरचें पाव इंचाहून खोल जाऊं नये. सर्व एकत्र करून पेरल्यास बारीक बीं हालून तळाशीं बसतें व शेताच्या एकाच बाजूस पडतें.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पिशवीवरील चिठ्ठी. १९३९ च्या तेथील बियाणें कायद्यानें एका संस्थानांतून दुसऱ्यांत जाणाऱ्या शेतीच्या बियाण्यावर शुद्धता, उगवण व तणाचें प्रमाण लिहावें लागतें. शुद्धता ९५ टक्के व उगवण ८० टक्के असल्यास खरें जिवंत बीं ७६ टक्केच. म्हणजे ५० पौंडांच्या जागीं ६६ पौंड घ्यावें. नांवहि नीट वाचावें. राय व रायग्रास हीं दोन भिन्न आहेत; दुसरें गवत एकदां रुजलें कीं शेतांतून काढतां काढतां जीव मेटाकुटीस येतो. २०१६ सालीं आयोवा संस्थानांत रानफुलांच्या व गवतांच्या मिश्र बियाण्यांतून राजगिऱ्याच्या कुळांतील पामर नांवाचें दुष्ट तण अनेक शेतांत शिरलें. त्याच्या एकेका झाडास लाखों बिया धरतात. पक्ष्यांस व फुलपाखरांस आसरा द्यावा म्हणून सद्हेतूनें पेरलेल्या शेतांतून हें घडलें! १९५० नंतरच्या दशकांत पुण्याकडे नजरेस आलेलें गाजरगवत परदेशी धान्यांतून आलें असें आपल्याकडे मानितात; तें ज्यांनीं आपल्या बांधावर उपटलें आहे, त्यांस याहून अधिक सांगणें नको.

विद्यार्थिमित्रांनो, चिठ्ठीवरील उगवणीचा आंकडा खरा कीं खोटा, हें घरींच पाहतां येतें. १०० बिया मोजून ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवा, फडकें सुकूं देऊं नका, आणि आठवड्यानें किती मोडल्या तें मोजा. पेरणीपूर्वीं आपल्या वडिलांच्या बियाण्याची अशी परीक्षा जो मुलगा किंवा जी मुलगी करील, त्या घरीं दुबार पेरणीचें एक कारण तरी आधींच टळेल.