सातासमुद्रापलीकडची पाच आपली गाणी

घरात इंग्रजी गाणं लागलं की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. 'हा काय धांगडधिंगा लावलाय?' असं विचारलं जातं आणि मुलं मुकाट्याने कानात बोंडं घालून कोपरा धरतात. वडीलधाऱ्यांना त्या गाण्यातला शब्द कळत नाही. पण खेदाची गोष्ट ही की, ऐकणाऱ्या तरुणांनाही पुष्कळदा ते गाणं कोणी गायिलं, कधी गायिलं आणि का गायिलं, हे ठाऊक नसतं. म्हणून आमच्या आवडीची पाच गाणी आज वाचकांपुढे ठेवावीत असं आम्हांस वाटलं.

पॉप आणि रॉक या नावांनी जे संगीत आज जगभर विकलं जातं, त्याचं मूळ अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या घामात आणि अश्रूंत आहे. कापसाच्या शेतात राबणाऱ्या गुलामांची कामाची गाणी, त्यांच्या चर्चमधली गॉस्पेल भजनं आणि दुःख सांगणारं ब्लूज यांतून ते वाढलं. त्या समाजाशी आपली ओळख जुनी आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना त्यांनी १९४६ साली पत्र लिहिलं. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपलं नाव अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. तेव्हा ही गाणी परक्यांची आहेत, असं आम्ही मानत नाही.

दार बंद झालं आणि गाणं आलं

पहिलं गाणं सॅम कुक यांचं, 'अ चेंज इज गॉना कम'. बदल येणारच, असा त्या नावाचा अर्थ.

सॅम कुक यांचा जन्म १९३१ साली मिसिसिपी राज्यातला. बालपण शिकागोत गेलं, गळा चर्चच्या गाण्यांत तयार झाला. १९५७ साली त्यांचं 'यू सेंड मी' हे प्रेमगीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. गोरी मुलंमुलीही त्यांच्या रेकॉर्ड विकत घेत. स्वतःची रेकॉर्ड कंपनी आणि गाण्यांचे हक्क स्वतःकडे ठेवणारी प्रकाशनसंस्था त्यांनी काढली. त्या काळी काळ्या कलावंताने असं करणं ही मोठी गोष्ट होती.

ऑक्टोबर १९६३ मध्ये लुइझियाना राज्यातल्या श्रेव्हपोर्ट गावी ते पत्नी आणि सहकाऱ्यांसह एका मोटेलवर पोचले. खोल्या आधीच सांगून ठेवलेल्या होत्या. चेहरा पाहिल्यावर मात्र खोली नाही, असं उत्तर मिळालं. कुक यांनी जाब विचारला, तर शांतताभंगाच्या आरोपाखाली पोलिसांनी त्यांनाच अटक केली. त्याच वर्षी बॉब डिलन या गोऱ्या तरुणाचं 'ब्लोइन इन द विंड' त्यांनी ऐकलं होतं. आपल्या लोकांच्या वेदनेवर असं गाणं आपण का लिहू नये, हा विचार त्यांच्या मनात घोळत होता. जानेवारी १९६४ मध्ये त्यांनी हे गाणं रेकॉर्ड केलं.

व्हायोलिनांची एक लाट उठते आणि तिच्यातून तो आवाज येतो. आवाजात राग नाही. थकलेला, पण न मोडलेला माणूस बोलतोय असं वाटतं. काळ्या माणसाला सिनेमागृहात आणि भर बाजारात कसं हटकलं जातं हे सांगणारं एक कडवं पुढे सुट्या रेकॉर्डवरून कापण्यात आलं. म्हणून लांबीचं मूळ गाणं शोधून ऐकावं, असं आम्ही सुचवू.

२ जुलै १९६४ रोजी अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला आणि हॉटेलच्या दारात रंग पाहण्यास बंदी आली. ११ डिसेंबर १९६४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये सॅम कुक गोळी लागून मरण पावले. वय अवघं ३३. गाण्याची सुटी रेकॉर्ड बाजारात आली ती त्यानंतर. पैसा आला, शिक्षण आलं की सगळं मिटतं, असं आपल्यालाही नेहमी ऐकवलं जातं. ज्याच्याकडे पैसा, कीर्ती, मोटार सर्व काही होतं, त्या माणसाने हे गाणं का लिहिलं, हे तसं म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

मान हवा, तो घरातही

दुसरं गाणं अरीथा फ्रँकलिन यांचं 'रिस्पेक्ट'. हे गाणं मुळात एका पुरुषाचं. ओटिस रेडिंग यांनी १९६५ साली ते लिहिलं आणि गायिलं. कामावरून थकून आलेला नवरा बायकोकडे मान मागतो, असा त्याचा रोख. १९६७ साली अरीथांनी तेच गाणं उचललं, थोडे शब्द बदलले, आणि मागणारी झाली बाई! मागे त्यांच्याच बहिणी कोरस गातात. त्या एका शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून सुनवायची कल्पनाही अरीथांच्याच गाण्यातली. शाळेत बाई फळ्यावर शब्द फोडून सांगतात ना, तसं. जून १९६७ मध्ये गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. काळ्यांच्या चळवळीने ते आपलं मानलं आणि स्त्रियांच्या चळवळीनेही.

आमच्या मते हे गाणं कुटुंबाच्या पानासाठीच आहे. सभेत समतेवर तासभर बोलून आलेला कार्यकर्ता घरी पाण्याचा तांब्या हातात मिळाला नाही म्हणून आवाज चढवतो, हे आपण पाहत नाही काय? बाहेर मागितलेला मान घरात द्यावा लागतो. अरीथांचं गाणं अडीच मिनिटांत हे सांगून टाकतं.

आणखी एक गोष्ट वाचकांनी जाणून घ्यावी. अमेरिकेत रेडिओ केंद्राने गाणं लावलं की मोबदला गीत-संगीत रचणाऱ्याला आणि प्रकाशकाला मिळतो, गाणाऱ्याला मिळत नाही. म्हणजे हे गाणं जिच्या आवाजाने अजरामर झालं, तिला रेडिओच्या त्या प्रसारणातून काही मिळालं नाही. अरीथा २०१८ साली गेल्या. मान मागणाऱ्या गाण्याचंच दाम न मिळावं, ही गोष्ट आम्हांस फार लागते.

जयंतीसाठी लढलेलं गाणं

तिसरं गाणं ऐकताना आम्हांला १४ एप्रिलची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ते आहे स्टीव्ही वंडर यांचं 'हॅपी बर्थडे'.

स्टीव्ही १९५० साली जन्मले आणि जन्मल्यानंतर लवकरच त्यांची दृष्टी गेली. अकराव्या वर्षी डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने त्यांच्याशी करार केला. ही कंपनी बेरी गॉर्डी या काळ्या तरुणाने १९५९ साली कुटुंबाच्या फंडातून ८०० डॉलर उसने घेऊन सुरू केली होती. गॉर्डी आधी मोटारीच्या कारखान्यात काम करीत.

डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ रोजी हत्या झाली. चारच दिवसांनी जॉन कॉनियर्स या काळ्या खासदाराने किंग यांच्या जन्मदिवसाची राष्ट्रीय सुट्टी मागणारं विधेयक मांडलं. ते वर्षानुवर्षं पडून राहिलं. १९७९ साली मताला आलं, तेव्हा अवघी पाच मतं कमी पडली. १९८० साली स्टीव्हींनी हे गाणं केलं. १५ जानेवारी १९८१ रोजी त्यांच्या हाकेवर वॉशिंग्टनमध्ये प्रचंड सभा भरली. साठ लाख सह्यांचं निवेदन काँग्रेसपुढे गेलं. अखेर २ नोव्हेंबर १९८३ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी कायद्यावर सही केली आणि १९८६ पासून सुट्टी पाळली जाऊ लागली.

हे गाणं रडकं नाही. त्यावर पाय थिरकतात! निषेधाचं गाणं आनंदाचंही असू शकतं, हे आपल्या वस्त्यांना कोणी शिकवायला नको. आपणही बाबासाहेबांची जयंती सरकारी सुट्टीची वाट न पाहता, निळे झेंडे लावून, गाणी गाऊन साजरी करीत आलो. अमेरिकेतल्या काळ्या कुटुंबांत आज पोराटोरांच्या वाढदिवसालाही केक कापताना हेच गाणं म्हणतात. चळवळीचं गाणं घरातलं गाणं झालं, याहून मोठं यश कोणतं?

एक गिटार, एक माणूस

चौथं गाणं जमैकाच्या बॉब मार्ले यांचं 'रिडेम्प्शन साँग', सन १९८०. मार्लेंचं संगीत म्हणजे ढोल, बेस, कोरस यांचा भरणा. या गाण्यात मात्र एक साधी गिटार आणि एकटा माणूस. कर्करोगाने शरीर पोखरलं होतं. ते हयात असताना निघालेल्या शेवटच्या रेकॉर्डचं हे शेवटचं गाणं. ११ मे १९८१ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी, ते गेले.

मनाची गुलामगिरी दुसरा कोणी तोडून देत नाही, ती आपली आपणच तोडावी लागते, हा विचार यात आहे. तो मार्लेंनी मार्कस गार्वी या जमैकन पुढाऱ्याच्या १९३७ सालच्या एका भाषणातून घेतला. हा विचार आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. पुढाऱ्याचं भाषण त्रेचाळीस वर्षांनी गाण्यात उतरलं आणि जगभर गेलं. भाषण सभेबरोबर विरतं, गाणं ओठांवर राहतं, ही गोष्ट आपल्या जलसाकारांनी फार पूर्वी ओळखली होती.

दुकानात गल्ल्यावर बसणारी मुलगी

पाचवं गाणं आम्हांला सर्वांत जवळचं. ट्रेसी चॅपमन यांचं 'फास्ट कार', सन १९८८.

ट्रेसी क्लीव्हलँडच्या. आईने एकटीने वाढवलं. हलाखीतही लेकीच्या हाती तिसऱ्या वर्षी युकुलेली हे छोटं तंतुवाद्य दिलं. पुढे शिष्यवृत्तीवर त्या चांगल्या शाळेत गेल्या आणि टफ्ट्स विद्यापीठात मानवशास्त्र शिकल्या.

११ जून १९८८ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर, तेव्हा तुरुंगात असलेल्या नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा जलसा होता. ट्रेसी आपली गाणी गाऊन उतरल्या होत्या. आयत्या वेळी स्टीव्ही वंडर यांच्या वाद्यसामग्रीचा एक महत्त्वाचा भाग सापडेना आणि ते रंगमंचावर जाऊ शकले नाहीत. रिकामी वेळ भरायला या नवख्या मुलीला पुन्हा पाठवलं. हातात गिटार, पाठीशी कोणी नाही. तिने 'फास्ट कार' गायिलं आणि जगभरच्या दूरदर्शन संचांसमोर बसलेल्या लोकांनी तिचं नाव विचारलं.

गाण्यातली मुलगी शाळा सोडते, कारण बाप दारुडा आणि आई निघून गेलेली. ती दुकानात गल्ल्यावर काम करते. मित्राची वेगवान मोटार म्हणजे तिच्या सुटकेचं स्वप्न. दोघं शहरात येतात, पोरं होतात. कमावते तीच, आणि तो मात्र बापासारखाच दारूकडे वळतो. शेवटी ती त्याला सुनावते की आता तूच ठरव. यात घोषणा नाही, रंगाचा उल्लेख नाही. तरी आमच्या डोळ्यांपुढे आपल्याच वस्तीतल्या कितीतरी लेकी उभ्या राहतात, ज्यांची शाळा बापाच्या बाटलीत बुडाली.

२०२३ साली ल्यूक कोम्ब्स या गोऱ्या कंट्री गायकाने, लहानपणी वडिलांच्या गाडीत ऐकलेलं हे गाणं पुन्हा गायिलं. त्यातली मुलगी त्याने मुलगीच ठेवली. त्या वर्षी कंट्री संगीताच्या मानाच्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट गीताचा पुरस्कार ट्रेसींना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय. गाणं पस्तीस वर्षं जुनं होतं!

वाचकहो, आमची एकच विनंती आहे. पोरांनी कानातली बोंडं काढावीत आणि गाण्याचा अर्थ आईवडिलांना मराठीत सांगावा. आईने, आजीने जात्यावरची भीमाची ओवी पोरांना ऐकवावी. शब्द निराळे असतील, ठेका निराळा असेल, पण कोणत्या दारात अडवलं गेल्यावर माणूस गायला लागतो, हे दोन्हीकडे सारखंच सापडेल. घरातल्या दोन पिढ्या एवढ्यासाठी जरी एकत्र बसल्या, तरी या पाच गाण्यांचं आपल्याकडे येणं सार्थकी लागेल.