जिभेवरचा पिवळट थर

कासवाचं तोंड उघडायला सबुरी लागते. जर्मनीतल्या एका दवाखान्यात टेबलाशेजारी उभं राहून मी ते पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी हर्मन जातीचं कासव हातात धरलं, मान बाहेर येईपर्यंत थांबल्या आणि जबड्याच्या मागे अंगठा नि बोट टेकवून डोकं धरलं. डोकं निसटून आत गेलं, की ओढायचं नाही. पुन्हा वाट पाहायची. मग चपट्या पट्टीने खालचा जबडा हलकेच दाबला. गुलाबी जिभेवर सायीसारखा पिवळट थर धरला होता. नाकातून बुडबुडे येत होते, पापण्या चिकटल्या होत्या. कासवाला श्वासपटल नसतं, त्यामुळे नीट खोकता येत नाही. घशात साचलेलं तिथेच राहतं.

संशय हर्पीसचा होता. कोरड्या स्वॅबने जीभ घासून नमुना नळीत बंद केला. कोरोनात आपल्या सगळ्यांच्या ओळखीची झालेली पीसीआर चाचणीच इथेही करतात.

मालकांनी या कासवाच्या कुंपणात नवं ग्रीक जातीचं कासव सोडलं होतं. ते धडधाकट, पोटभर खाणारं. घात इथेच होतो. ग्रीक कासवं हर्पीसचा तिसरा प्रकार अंगात बाळगूनही ठणठणीत दिसू शकतात. हर्मन जातीच्या कासवांचा मात्र तोच विषाणू जीव घेतो. भूमध्य समुद्राकाठची रानातली कासवं पकडून आणून विकण्यावर युरोपीय समुदायाने १९८४ मध्ये निर्बंध आणले, पण मध्य आशियातली हॉर्सफील्ड कासवं त्यानंतरही येत राहिली. त्यांच्यात पहिला प्रकार आढळतो. प्रवासातली दाटी, थंडी, उपासमार यांनी जनावर खचलं, की दबून बसलेला विषाणू उसळतो. वेगवेगळ्या जाती एकाच पेटीत ठेवून विकणं हा मला सरळसरळ गुन्हा वाटतो, मग कायदा काहीही म्हणो.

उपचार म्हणजे ऊब, नळीने पोटात अन्न आणि अ‍ॅसिक्लोव्हिर. औषधाने विषाणूची वाढ रोखता येते. मज्जातंतूंत लपलेला तो जन्मभर राहतो. म्हणूनच एका निगेटिव्ह अहवालावर विसंबता येत नाही. रक्तातली प्रतिपिंडंही कासवात सावकाश, कित्येक आठवड्यांनी दिसतात. नव्या कासवाला शीतनिद्रेचा एक हिवाळा सरेपर्यंत वेगळं ठेवायचं ते यासाठी.

डॉक्टरीणबाईंनी मालकांना कागदावर लिहून दिलं: पाण्याची भांडी वेगळी, हातमोजे वेगळे, आधी हर्मनच्या निरोगी सोबत्यांना खाऊ घालायचं, आजारी कासवाला शेवटी. आणि ग्रीक कासवाचा अहवाल काहीही आला तरी त्याला परत त्या कुंपणात सोडायचं नाही.