वाडिया, नोशीर हॉर्मसजी
(१९२५–२०१६). तंत्रिका तंत्राच्या विकारांचे भारतीय तज्ञ व संशोधक. जन्म सुरत येथे. मुंबईतील जे. जे. रुग्णालयात व नंतर जसलोक रुग्णालयात त्यांनी काम केले. १९७१ च्या नेत्रशोथाच्या साथीनंतर काही रुग्णांत उद्‌भवलेल्या पोलिओसदृश पक्षाघाताचा त्यांनी अभ्यास केला. त्यांचा सर्वांत महत्त्वाचा निबंध मात्र आर. के. स्वामी यांच्यासह त्याच वर्षी ब्रेन या ब्रिटिश नियतकालिकात आला. नऊ कुटुंबांतील रुग्णांचा तोल जात असे, चाल अडखळत असे आणि नजर एका वस्तूवरून दुसरीकडे झटकन न वळता संथपणे सरकत असे. निमस्तिष्काच्या आनुवंशिक ऱ्हासाचा हा निराळा प्रकार आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. साधन होते ते मुख्यतः रुग्णाचे बारकाईने केलेले निरीक्षण व वंशावळ. या विकाराचे (‘एससीए-२’) बाराव्या रंगसूत्रावरील जनुक १९९६ मध्ये सापडले. १९९८ मध्ये वाडिया व सहकाऱ्यांनी सहा भारतीय कुटुंबांची आनुवंशिक तपासणी करून संथ नेत्रगती ही निदानाची महत्त्वाची खूण असल्याचे दाखविले.

संशोधनाचे मूल्य संदर्भोल्लेखांच्या संख्येवरून ठरविण्याची प्रथा येथे अपुरी पडते. यूजीन गारफील्ड यांनी रूढ केलेला प्रभावांक नियतकालिकाचा असतो, लेखकाचा नव्हे. तरीही नेमणुका व बढत्यांसाठी तो सर्रास वापरला जातो. त्यात मागील दोनच वर्षांतील लेखांचे उल्लेख मोजतात. त्या हिशेबात १९७१ चा निबंध १९७३ नंतर उरतच नाही. त्यातील निरीक्षणाचा आनुवंशिक उलगडा मात्र पाव शतकानंतर झाला. वाडियांना २०१२ मध्ये पद्मभूषण मिळाले.