‘आमची हद्द नाही’ म्हणाले तर?

शुक्रवारची रात्र. सेकंड शिफ्ट संपवून तुम्ही कॅबमधून उतरता. बाइकवरून दोघं येतात, लॅपटॉपची बॅग हिसकावतात आणि पसार! धापा टाकत पोलिस स्टेशन गाठलं, तर उत्तर मिळतं, ‘ती जागा आमच्या हद्दीत नाही. आणि बॅग हरवली असंच लिहा ना, काम पटकन होईल.’

थांबा! सही करू नका. ‘हरवली’ म्हटलं की गुन्हाच उरत नाही. मग चोर शोधणार कोण? बॅग हिसकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ नुसार दखलपात्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांनी तुमच्या हातात बरंच काही दिलंय.

हद्दीचं टेन्शन नको: गुन्हा कुठेही घडो, कोणत्याही ठाण्यात ‘झीरो एफआयआर’ देता येतो. तक्रार ऑनलाइन पाठवलीत तर तीन दिवसांत जाऊन सही मात्र करायची. काही गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने आधी १४ दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी होऊ शकते. पण म्हणून तुम्हाला दारातून परत पाठवता येत नाही.

कॉपी मागा: एफआयआरची प्रत फुकट आणि लगेच मिळते. विम्याच्या क्लेमपासून कोर्टापर्यंत तीच कामाला येते.

नकार मिळाला? तक्रार लेखी स्वरूपात पोस्टाने पोलिस अधीक्षकांना पाठवा. तरी काही हललं नाही, तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा.

पुढे काय झालं? तपास कुठवर आला, हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत तुम्हाला कळवायचं असतं.

वकील परवडत नाही? १५१०० फिरवा. विधी सेवा प्राधिकरणाचा हा नंबर. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो.

प्रकरण बॅगेपुरतंच असेल असं नाही. बलात्कार किंवा अॅसिड हल्ल्यातल्या पीडितेवर मोफत उपचार करणं सरकारीच नव्हे, खासगी हॉस्पिटललाही बंधनकारक आहे. महाराष्ट्रात अशा पीडितांसाठी २०१३ पासून ‘मनोधैर्य’ योजना आहे. आणि आरोपी सापडला नाही म्हणून भरपाईचा रस्ता बंद होत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

लॅपटॉप नवा घेता येईल. पण त्या रात्री कागदावर काय लिहिलं गेलं, ते सहजासहजी बदलत नाही. म्हणून सही करण्याआधी वाचा. शांतपणे, शेवटच्या ओळीपर्यंत.