किती वॅटचा एसएमपीएस पुरेल?

गेमिंगसाठी कॉम्प्युटर जोडून घेताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांवर बराच खल होतो. एसएमपीएस मात्र बहुतेकदा उरलेल्या पैशांत, खोक्यावरचा वॅटचा आकडा बघून उचलला जातो. त्या आकड्याबद्दल दोन उलटसुलट समज आहेत. मोठ्या वॅटचा घेतला तर वीजबिल फुगतं, हा एक. आणि मोठ्या वॅटचा घेतला की काळजी मिटली, हा दुसरा. दोन्ही चूक आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. वॅटचा आकडा ही एसएमपीएस जास्तीत जास्त किती वीज पुरवू शकतो याची मर्यादा असते. प्रत्यक्षात किती वीज लागेल, हे आत बसवलेले भाग ठरवतात. बिलावर मंजूर भार तीन किलोवॅट छापलेला असला, म्हणून घरात सतत तेवढी वीज जळत नाही.

एक नेहमीची जोडी घेऊ. रायझन 5 7600 हा प्रोसेसर मूळ सेटिंगवर कमाल 88 वॅट घेतो, आरटीएक्स 4070 हे कार्ड 200 वॅट. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे सढळ हाताने 50 धरले, तरी बेरीज 340 वॅटच्या आसपास थांबते. 80 प्लस गोल्ड दर्जाच्या मूळ निकषानुसार एसएमपीएसची कार्यक्षमता 20 टक्के भारावर 87, निम्म्या भारावर 90 आणि पूर्ण भारावर पुन्हा 87 टक्के असावी लागते. म्हणजे 650 वॅटचा गोल्ड एसएमपीएस भिंतीतून साधारण 378 वॅट घेईल. त्याजागी 1000 वॅटचा बसवला आणि कार्यक्षमता एका टक्क्याने घसरली असं मानलं, तर फरक पडतो चार वॅटचा. रोज चार तास खेळलं तरी वर्षाला सहा युनिट. बिलाची भीती इथेच संपते. ‘निम्म्या भारावर कार्यक्षमता सर्वाधिक, म्हणून गरजेच्या दुप्पट घ्या’ हा सल्लाही याच हिशेबात गळून पडतो, कारण त्या दोन-तीन टक्क्यांसाठी मोजलेले जादा पैसे वसूल व्हायला वर्षानुवर्षं लागतील.

यावर रास्त आक्षेप असा, की मग 200 वॅटच्या कार्डासाठी एनव्हिडिया 650 वॅटची शिफारस का करते? कारण ती शिफारस एकट्या कार्डाची नसून अख्ख्या कॉम्प्युटरची आहे. समोरच्याकडे कोणता प्रोसेसर असेल हे कंपनीला ठाऊक नसतं. कोअर आय9-14900के असेल, तर तो एकटाच 253 वॅटपर्यंत जाऊ शकतो. शिवाय कार्डाची मागणी क्षणार्धात उसळते. 2022 मध्ये आलेल्या एटीएक्स 3.0 मानकाने तर क्षमतेच्या दुप्पट भार 100 मायक्रोसेकंद सोसण्याची अट घातली, ती याच उसळीसाठी. तेव्हा मोकळीक हवीच, पण कार्डासाठी शिफारस केलेल्या आकड्यात ती आधीच धरलेली असते. त्यात प्रोसेसरचे वॅट पुन्हा मिळवणं म्हणजे एकच गोष्ट दोनदा मोजणं. पुढे 285 वॅटचं कार्ड घ्यायचा विचार पक्का असेल, तर 750 वॅट घेण्याला अर्थ आहे. 1000 वॅटला या जोडीसाठी तरी नाही.

खरी काळजी वेगळ्याच जागी घ्यायला हवी. प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज 12 व्होल्टच्या वाहिनीतून घेतात, म्हणून एसएमपीएसवरच्या लेबलात त्या रकान्याखालचे अँपिअर वाचावेत. तिथे 54 अँपिअर असतील, तर 648 वॅट खरोखर हाताशी आहेत. 18 असतील, तर वर ठळक अक्षरांत 450 लिहिलेलं असलं तरी कामाचे 216च. 80 प्लसचा शिक्काही या बाबतीत पुरत नाही. तो कार्यक्षमतेबद्दल सांगतो. शॉर्ट सर्किट किंवा अतिभार झाल्यास एसएमपीएस स्वतःला आणि कार्डाला वाचवेल का, याबद्दल नाही. त्याची चाचणीही 23 अंशांच्या आसपासच्या तापमानात होते. मे महिन्यातल्या अकोल्यात किंवा नागपुरात बंद कॅबिनेटच्या आत ती हवा कुठून यायची? म्हणून पूर्ण क्षमता 25 अंशांना सांगितली आहे की 40 किंवा 50 अंशांना, हे तपशिलात जरूर शोधावं. तसा भरवशाचा 650 वॅटचा एसएमपीएस स्वस्तातल्या 850 वॅटवाल्यापेक्षा कधीही उजवा.

वीज वारंवार जात असेल, तर यूपीएस निवडतानाही भिंतीतून घेतले जाणारे ते 378 वॅटच धरावेत. घरोघरी दिसणारा 600 व्हीएचा यूपीएस बहुधा 360 वॅटच देतो, तेव्हा ऐन खेळात वीज गेली तर तो कमी पडेल. 600 वॅट देणारा 1000 व्हीएचा यूपीएस पुरतो, आणि गेम सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करण्याइतका वेळही मिळतो.