एक संगणक थांबला तरी काम थांबू नये

सातबाराचा उतारा, रुग्णालयातील नोंदी, रेल्वेचे आरक्षण अशी अनेक कामे आज संगणकांवर सोपविण्यात आली आहेत. हे काम सांभाळणारा सर्व्हर बंद पडल्यास खिडकीपाशी उभ्या असलेल्या नागरिकास रिकाम्या हाताने परतावे लागते. यावरील उपाय म्हणून दोन किंवा अधिक सर्व्हर जोडून त्यांचा समूह, म्हणजेच क्लस्टर, उभारला जातो. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने १९८३ मध्ये व्हॅक्सक्लस्टर ही अशी यंत्रणा जाहीर केली होती.

या रचनेत माहिती कोणत्याही एका सर्व्हरमध्ये न ठेवता सामाईक डिस्कवर ठेवतात. प्रत्येक सर्व्हर त्या डिस्कशी दोन स्वतंत्र मार्गांनी जोडलेला असतो. एक सर्व्हर काम करतो व दुसरा सज्ज राहतो. दोघेही एकमेकांना सतत खुशालीचे संदेश पाठवीत असतात. हे संदेश थांबले, की दुसरा सर्व्हर डिस्कचा ताबा घेतो आणि सेवा सुरू करतो.

परंतु खरा धोका येथेच आहे. संदेश थांबले म्हणजे पहिला सर्व्हर बंदच पडला असे नव्हे. केवळ मधली तार तुटलेली असू शकते. अशा वेळी दोन्ही सर्व्हर स्वतःलाच कारभारी समजून एकाच डिस्कवर लिहू लागतात. दोन कारकुनांनी परस्परांस न विचारता एकाच खातेवहीत खाडाखोड करावी, तशी नोंदींची अवस्था होते. सेवा तासभर बंद राहिली तर गैरसोय होते. नोंदीच बिघडल्या तर नुकसान कायमचे होते.

हे टाळण्यासाठी दोन बंधने घालण्यात येतात. पहिले बहुमताचे. तीन मतांपैकी किमान दोन मते असल्याशिवाय कोणीही काम हाती घ्यावयाचे नाही. सर्व्हर दोनच असतील, तर तिसरे मत एखाद्या छोट्या डिस्कला किंवा वेगळ्या संगणकाला देतात. दुसरे बंधन कुंपणाचे. मूक झालेल्या सर्व्हरचा वीजपुरवठा तोडून किंवा त्याचा डिस्कवर लिहिण्याचा अधिकार काढून घेऊन, तसे झाल्याची खात्री पटल्यावरच ताबा घ्यावयाचा. लिनक्सवरील पेसमेकर या प्रणालीत ही व्यवस्था मुळातच चालू असते. उभारणी लवकर उरकावी म्हणून ती बंद करण्याचा मोह होतो; तो कटाक्षाने टाळला पाहिजे.

उभारणी करताना सर्व सर्व्हरची घड्याळे जुळवावीत आणि संदेशांसाठी दोन वेगळी जाळी ठेवावीत. त्यानंतर कुंपणाची तजवीज करावी. सेवा सुरू होण्याचा क्रमही ठरवून द्यावा: प्रथम डिस्क, मग तीवरील फाइल-व्यवस्था, मग ग्राहकांना ठाऊक असलेला जाळ्यावरील पत्ता आणि शेवटी प्रत्यक्ष सेवा. नागरिकांसाठी यंत्रणा खुली करण्यापूर्वी एकदा वीज तोडून व एकदा संदेशांच्या तारा काढून तिची परीक्षा घ्यावी.

एक गोष्ट मात्र विसरू नये. डिस्क सामाईक असल्याने चुकून पुसलेली नोंद दोन्ही सर्व्हरसाठी पुसली जाते. म्हणून माहितीची नियमित प्रत अन्यत्र जपून ठेवणे हे क्लस्टर असतानाही तितकेच अगत्याचे आहे.